सिरीयलमधली बाई बदलली की आम्ही लिहिणारे विसरलो?

शहाद्याच्या एका मुलीचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगते. ती आणि तिची आई रोज संध्याकाळी साडेसातची एक मालिका बघतात, दीड वर्ष झालं, एकही भाग चुकवला नाही. त्यातली नायिका सुरुवातीला सासरचं किराणा दुकान सांभाळायची, उधारीची वही तोंडपाठ, व्यापाऱ्याने बिलात सात रुपयांचा फरक केला तरी उभ्या उभ्या पकडायची. आणि मागच्या आठवड्यात त्याच बाईने दिराच्या सांगण्यावरून कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही केली. मुलगी लिहिते, ताई मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आई म्हणते सिरीयल आहे ती, एवढं काय मनाला लावून घेतेस, पण मला असं वाटतंय की माझ्या ओळखीच्या माणसाला कुणीतरी मुद्दाम मूर्ख केलंय. लिहिणाऱ्यांना हे कळत नाही का? आणि माझंच काही चुकतंय का?

ताई म्हणालीस म्हणून तुला तू म्हणते. मालिकेचं नाव तू लिहिलंयस पण मी इथे घेत नाही, तिथे माझ्या ओळखीची माणसं काम करतात आणि तो सीन लिहिताना त्यांना काय वाटलं असेल ते मला न विचारताही कळतं. मी सोळा वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय, आधी दहा वर्षं मुंबईत भाड्याच्या खोलीत आणि आता सहा वर्षं अमळनेरला आपल्या घरी बसून, सीन फोनवर येतात आणि संवाद मेलने जातात. उत्तर लांब होणार आहे, निवांत वाच.

पहिले तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलू. तुझं काही चुकत नाहीये. आठवड्याला सहा भाग, वर्षाला तीनशेच्या वर, म्हणजे दीड वर्षात साडेचारशेच्या पुढे संध्याकाळी तू त्या बाईसोबत बसलीस, एवढं तर आपण सख्ख्या मावशीसोबत पण बसत नाही. तुला तिची पदर खोचायची पद्धत माहीतेय, ती चिडली की आधी गप्प होते हे माहीतेय, आणि ती न वाचता सही करणारी नाही हे तर तुला तिच्या लेखकापेक्षा पक्कं माहीतेय. मावशीने उद्या असं काही केलं असतं तर तू बेचैन झालीच असतीस ना, मग इथे झालीस यात नवल काय.

आता पात्र असं का वागतं ते. मी कुठलीही मालिका बघताना, आणि स्वतःची लिहिताना तर जास्तच, एकच गोष्ट तपासते, हे माणूस बदललंय की विसरलंय? बदललं तर काही हरकत नाही, माणसं बदलतातच. पण जे तिला येत होतं, जे तिने सोसून शिकलं होतं, ते जर ती विसरली आणि का विसरली ते गोष्टीत कुठेच नाही, तर तिथे आम्ही विसरलो असं समज.

आई कुठे काय करते मधली अरुंधती घे. डिसेंबर 2019 ला स्टार प्रवाहवर सुरू झाली ती मालिका, मूळ बंगालीतली श्रीमोयी, हिंदीत त्याच गोष्टीवरून अनुपमा झाली. सुरुवातीची अरुंधती म्हणजे घरातल्यांनी टाकून बोललं तरी हसून पुढचं काम करणारी, आणि पुढे तीच बाई घटस्फोट घेते, गाणं परत हातात घेते, दुसरं लग्न करते. केवढा बदल! तरी मला ती बरीच वर्षं परकी वाटली नाही, कारण नवरा सुटला तरी सासू-सासऱ्यांशी असलेलं नातं तिने तोडलं नाही, आणि मधुराणी प्रभुलकरने तिचा तो आवाज, बोलायच्या आधी जरासं थांबणं, शेवटपर्यंत सांभाळलं. ती आधीचं सगळं सोबत घेऊन बदलली. नोव्हेंबर 2024 ला मालिका संपली, शेवटच्या काळात तिच्यावर संकटांचा मारा जरा जास्तच झाला असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे मी पण बघणं कमी केलं होतं.

मग विसरणं होतं कसं. रोजच्या भागात जाहिराती सोडून साधारण 22 मिनिटांचा मजकूर असतो. गुणिले सहा, 132 मिनिटं. म्हणजे दर आठवड्याला एका सिनेमाएवढं लिहायचं, शूट करायचं आणि दाखवायचं, आणि पुढच्या सोमवारी परत पहिल्यापासून. कथा एकाची असते, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर चॅनलची क्रिएटिव्ह टीम. तयार भागांचा साठा असतो त्याला आम्ही बँक म्हणतो, आणि बँक संपली की सकाळी आठला मेकअपला बसलेल्या नटीला नऊ वाजता सीन मिळतो. त्यात दर गुरुवारी बार्कचे आकडे येतात, म्हणजे कुठली मालिका किती लोकांनी बघितली ते मोजणाऱ्या संस्थेचे. आकडा पडला की गुरुवारी दुपारी फोन, आणि चार महिने पुढचा ठरलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा पुढचा तुकडा, पुढच्याच सोमवारी आणायचा. लेखक पण बदलतात, शंभराव्या भागाला मी असते आणि तीनशेव्याला कुणी दुसरा मुलगा, त्याला आधीचे तीनशे भाग बघायला वेळ कुणी दिलेला नसतो, त्याला फक्त सांगतात की नायिका साधी आहे, चांगली आहे, सगळ्यांवर विश्वास ठेवते. सात रुपयांचा फरक त्या सांगण्यात येतच नाही!

पण घाई हे अर्धंच कारण आहे, खरं कारण मला याहून वाईट वाटतं. गोष्टीत खलनायकाला सहा आठवडे जिंकवायचं असतं. त्याचे दोन मार्ग. एक, खलनायकाला हुशार करा. दोन, नायिकेला बावळट करा. पहिल्याला डोकं लागतं आणि वेळ लागतो, दुसरा दहा मिनिटांत लिहून होतो. आम्ही फार वेळा दुसरा घेतो, आणि त्याला साधेपणा असं गोंडस नाव देतो. साधं माणूस म्हणजे काय कमी डोक्याचं का? आपल्याकडच्या बाया घे, कधी शाळेत गेल्या नाहीत पण केळीच्या गाडीचं वजन, तूट, हमाली, अडत सगळं बोटांवर सांगतात, त्यांच्याकडून कुणी कोऱ्या कागदावर सही घेऊन दाखवावी.

तो सीन माझ्याकडे आला असता तर मी काय केलं असतं ते सांगते. सही व्हायला तर हवी कारण पुढचा सगळा ट्रॅक त्याच्यावर उभा आहे, तर होऊ दे. पण ती वाचते. पूर्ण वाचते, चष्मा नाही सापडत तर भाचीला मोठ्याने वाचायला लावते, मजकूर बरोबर असतो, आकडा बरोबर असतो, चार पानं असतात आणि दीर सही फक्त शेवटच्या पानावर घेतो. आधीची तीन पानं नंतर बदलतो. आता बघ काय झालं, ती फसली पण तिची अक्कल शाबूत राहिली. शेताच्या खरेदीत पानापानावर सह्या का घेतात हे ज्यांनी जमिनीचे व्यवहार पाहिलेत त्यांना माहीत असतं, तिला माहीत नव्हतं कारण तिने दुकान पाहिलंय, जमीन नाही. आणि पुढे सहा आठवड्यांनी जेव्हा दीर तो कागद सगळ्यांसमोर काढतो तेव्हा ती म्हणते, दुसऱ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत आकडा एक लाख बेचाळीस हजार सातशे होता. कारण तिला आकडे तोंडपाठ राहतात! तू ते पहिल्या महिन्यापासून बघत आलीस, तो तिचा गुणच तिला सोडवेल. असा सीन बघितल्यावर तू आईला हलवून म्हणाली असतीस, बघ म्हटलं होतं ना मी. प्रेक्षकाला हा आनंद देण्यासाठीच तर हे काम करायचं.

हे सगळं मी शहाणपणाने बोलतेय असं वाटेल पण मी हे एका बाईकडून शिकले, आणि शिकले तेव्हा मला फार लाज वाटली होती. एरंडोलला नात्यातलं लग्न होतं, हळदीच्या दिवशी पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, माझ्या शेजारी साठीच्या पुढची एक अनोळखी बाई बसलेली. तिला कुणीतरी सांगितलं होतं मी काय काम करते ते. बट्टी चुरता चुरता ती मला म्हणाली, "तूच लिखस का वं ती सिरीयल? मंग तिले ते बापनं कर्ज माहीत व्हतं ना. वडना झाडखाले तिनीच ऐकेल व्हतं." मी एकदम गप्प. आम्ही चाळिसाव्या भागाच्या आसपास त्या मुलीला वडाच्या झाडाखाली बापाचं कर्ज ऐकताना दाखवलं होतं, रडवलं होतं, आणि दोनशेच्या पुढे कधीतरी तीच मुलगी कर्ज पहिल्यांदाच कळल्यासारखी हादरते असा सीन मी स्वतः लिहिला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, ना पटकथेत, ना सेटवर, ना एडिटला. त्या बाईच्या लक्षात होतं, सहा महिन्यांपूर्वीचं झाड सुद्धा लक्षात होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. प्रत्येक पात्राचं एक पान, त्यावर फक्त कुणाला काय माहीतेय आणि ते कधी कळलं एवढंच. कथा नाही, स्वभाव नाही, फक्त माहीत असलेल्या गोष्टी. नवीन सीन आला की आधी ते पान बघायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिले हेच करायला लावते, त्यांना कंटाळा येतो, पण दोनच महिन्यांत फरक दिसतो.

गोष्ट अशा लक्षात ठेवण्यावरच उभी असते, महाभारत काय आहे मग? द्रौपदीचे केस मोकळे राहतात ते तेरा वर्षं वनवास-अज्ञातवास आणि मग युद्ध होईपर्यंत, आणि मधल्या सगळ्या काळात ना ती विसरते ना भीम विसरतो ना ऐकणारा. दूरदर्शनवर ऑक्टोबर 1988 पासून ते 94 भाग झाले तेव्हा आमच्या गावात सगळ्यांना गोष्ट आधीच ठाऊक होती तरी कुणी जागचं हलत नव्हतं. त्याच्या आधी 1987 ला रामायण सुरू झालं तेव्हा मी आठ वर्षांची, पारोळा तालुक्यातलं छोटं गाव, रविवारी सकाळी लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचे. माझी आजी टीव्हीसमोर बसायच्या आधी डोक्यावर पदर घ्यायची. तुझी आई म्हणते सिरीयल आहे ती, पण तिला विचार, लहानपणी तिने कुणाला टीव्हीला हार घालताना पाहिलंय का. मनाला लावून घ्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे गं.

नट बदलला की काय होतं हे पण तू एका ओळीत विचारलंयस. माझ्या नवऱ्याची बायको मध्ये शनायाचं, म्हणजे नायिका राधिकाच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं काम आधी रसिका सुनील करायची, मग 2018 ला ईशा केसकर आली, आणि 2020 ला परत रसिका. माझी आजी तेव्हा होती, पहिल्या दिवशी नवीन शनाया बघून म्हणाली, "हाई ती नही शे." आणि रुसली, खरंच दोन दिवस खाटेवर पाठ करून बसली. आठव्या दिवशी तिलाच शिव्या देत होती जशा जुनीला द्यायची. का जमलं, तर चेहरा बदलला पण शनायाचा हव्यास, तिचा आळस, राधिकाला कमी लेखणं, हे सगळं जसंच्या तसं राहिलं. आठवण शाबूत असली की प्रेक्षक चेहरा पण माफ करतो. उलट चेहरा तोच आणि आतली बाई निराळी, हे माफ करणं अवघड, तुझं तेच झालंय.

आणि वाईट माणसाचं बघ. रात्रीस खेळ चाले च्या पहिल्या पर्वाची सुरुवात अण्णा नाईकांच्या मरणाने होते, मग 2019 ला दुसरं पर्व आलं ते मागे गेलं, अण्णा जिवंत असतानाचं. माधव अभ्यंकरांचे अण्णा, लंपट, लोभी, क्रूर, काय नाही त्या माणसात, आणि तरी जळगावच्या बसस्टँडवर पोरं त्यांच्यासारखं बोलून दाखवायची. मला विचारशील तर त्याचं कारण हे की अण्णा एकदाही विसरले नाहीत आपल्याला काय पाहिजे ते. जमीन पाहिजे, शेवंता पाहिजे, दरारा पाहिजे. प्रत्येक सीनमध्ये ते त्यातलंच काहीतरी मागत असतात. असा माणूस वाईट असला तरी बघणाऱ्याचा पाय त्याच्या गोष्टीत घट्ट रोवला जातो. मला ते पात्र आवडत नाही, भीती वाटते त्याची, पण लिहिणाऱ्याच्या नजरेने बघते तेव्हा मान लवते.

वेळेचा घोळ ही एक वेगळी डोकेदुखी. होणार सून मी ह्या घरची मधलं जान्हवीचं बाळंतपण आठवतं ना, लोक महिने मोजायचे आणि ते काही संपायचं नाही, सगळीकडे चेष्टा झाली. ते का होतं, तर मालिकेतली एक रात्र कधीकधी पूर्ण आठवडा चालते, सात जणांच्या सात प्रतिक्रिया दाखवायच्या असतात, आणि दुसरीकडे बाहेर दिवाळी आली की मालिकेत पण दिवाळी लागते. गोष्टीतलं घड्याळ आणि भिंतीवरचं कॅलेंडर जुळतच नाही. म्हणून मी बाळंतपण लिहायचं म्हटलं की आधीच सांगते, लीप घ्या बाबांनो, गोष्ट सरळ काही महिने पुढे न्या.

शेवट आधी माहीत असेल तर हे प्रकार कमी होतात. एका लग्नाची दुसरी गोष्ट 2012 ला त्याच वर्षात सुरू होऊन संपली, घना आणि राधा खोटं लग्न करतात आणि मग त्यात खरं काय उगवतं एवढीच गोष्ट, ती संपली की मालिका संपली. मुक्ता बर्वेची राधा शेवटी पण तीच पहिल्या भागातली राधा वाटत राहते. श्रीयुत गंगाधर टिपरे तर आठवड्यातून एकदाच यायची, दिलीप प्रभावळकरांच्या अनुदिनी वरून, दर भागाची आपली आपली गोष्ट, त्यामुळे आबा कायम आबाच राहिले. रोजच्या मालिकेला हे सुख नाही.

आता आपल्या भागाची एक गोष्ट, तू विचारली नाहीस पण मला सांगायचीय. 2015 च्या ऑक्टोबरपासून बार्कने खेड्यातली घरं पण मोजणीत घेतली, त्याआधी आकडे शहरांचेच असायचे. पुढच्याच वर्षी, 2016 ला, मालवणी बोलणारं रात्रीस खेळ चाले आलं, माझ्या नवऱ्याची बायको मधली नागपूरची राधिका आली, तुझ्यात जीव रंगला मधले कोल्हापूरचे राणादा आणि पाठकबाई आले. मला हा योगायोग वाटत नाही. तू शहाद्यात आणि ती एरंडोलची मावशी, तुम्ही बघता हे त्यानंतर हिशेबात धरलं गेलं. माझी एक इच्छा आहे, रोजच्या मालिकेच्या मधोमध आपली खान्देशातली अहिराणी बोलणारं एखादं घर असावं, हसवायला आणलेला एखादा नोकर नको, घरच. कारण बोली पण पात्राची आठवणच आहे. आमच्याकडे काय होतं, पहिल्या वीस भागांत नायिका गावचं बोलते, मग हळूहळू तिची भाषा पुण्याची होते आणि कुणी विचारत नाही की ही कधी बदलली. राधिकाची नागपुरी ढब टिकली, त्याचं श्रेय अनिता दातेला जेवढं तेवढंच लिहिणाऱ्यांना. मी एका मालिकेत नायिकेच्या आईला रागावल्यावर अहिराणीत बोलू दिलं होतं, फक्त रागावल्यावर, ते मला अजून माझं सगळ्यात खरं काम वाटतं. दोन महिने चाललं, मग वरून निरोप आला की कळत नाही लोकांना. मालवणी कळतं, अहिराणी कळत नाही, हे मला आजही पटलेलं नाही.

लिहिणाऱ्यांना कळत नाही का, हा तुझा पहिला प्रश्न राहिलाच. बहुतेकांना कळतं. त्या सहीच्या सीनवर मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणालं असेल की ही असं करणार नाही, आणि कुणीतरी उत्तर दिलं असेल की एवढं कोण लक्षात ठेवतं. तेव्हा तुला राग आलाय तो चॅनलच्या पेजवर लिही, मनापासून लिही, पण शिव्या देऊ नको आणि मालिका बंद करा असं पण लिहू नको, त्याने आत कुणालाच काही करता येत नाही. असं लिही की पहिल्या महिन्यात हिने सात रुपयांचा फरक पकडला होता, मग आता न वाचता सही कशी केली. एवढं नेमकं लिहिलेलं मीटिंगमध्ये वाचून दाखवता येतं, मी स्वतः दाखवलंय. एवढं कोण लक्षात ठेवतं म्हणणाऱ्याला ते उत्तर असतं.

बघणं सोडू का असं पण विचारलंयस. दोन आठवडे थांब. त्या मालिकेत दुकानातला एक पोऱ्या आहे ना, जो तिच्याकडूनच हिशेब शिकला, किंवा सासू आहे, त्यांच्यापैकी कुणी तिला विचारतं का बघ, की वहिनी तू वाचलं कसं नाहीस? विचारलं आणि तिने मान खाली घालून खरं कारण सांगितलं, थकली होती, घाबरली होती, नवऱ्याचं दुखणं डोक्यात होतं, काहीही पटेल असं, तर समज की लिहिणाऱ्याने तिचं जुनं पान परत उघडलंय, मग बघत राहा. दोन आठवड्यांत घरातल्या एकानेही विचारलं नाही तर साडेसातला टीव्ही बंद कर आणि आईसोबत जेवून घे.